गाय लंगडते, दूध उतरतं: वाचकांचे प्रश्न

या वेळी गाईंच्या पायांबद्दल एवढे प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊया. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, काहींची लांबी कमी केली, बाकी जसे आले तसे दिलेत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय तिसऱ्या वेताची, व्याली त्याला अडीच महिने झाले. २२ लिटरपर्यंत गेली होती मग हळूहळू उतरत १७ वर आली, मला वाटलं खाण्यात काहीतरी कमी पडतंय म्हणून खुराक वाढवला, मिनरल मिक्स्चर बदललं, जंताचं औषध पण दिलं, फरक शून्य. आता आठवडा झाला मागचा उजवा पाय टेकताना कचरते. जखम नाही, सूज नाही. दूध आधी कमी झालं आणि लंगडणं नंतर आलं म्हणजे दोन्हीचा काही संबंध नसणार ना?

उत्तर: दादा, संबंध आहे, आणि क्रम पण असाच असतो. आधी दूध उतरतं, लंगडणं मागाहून दिसतं. ब्रिटनमध्ये सुमारे ९०० गाईंच्या दुधाच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की लंगडणं लक्षात येऊन उपचार होतात त्याच्या चार महिने आधीपर्यंत दूध कमी व्हायला लागलेलं असतं आणि उपचारानंतरही पाच महिन्यांपर्यंत ते कमी राहू शकतं. ३०५ दिवसांच्या वेतात सरासरी ३६० किलोची घट. तेव्हा तुमची गाय मागच्या आठवड्यात लंगडायला लागली असेल पण दुखत तिला बरंच आधीपासून असणार.

असं का होतं ते जरा सविस्तर सांगते कारण खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ इथेच आहे. खुराच्या आत हाड असतं, हाडाखाली चरबीची गादी, तिच्याखाली जिवंत मांसल थर जो खूर तयार करतो, आणि सगळ्यात खाली आपल्याला दिसतो तो टणक तळवा. गाईचं पाच-सहाशे किलो वजन ही गादी झेलते. व्यायच्या आसपास शरीरातले बंध सैल पडतात, नुसते कमरेचे नाही, खुरात हाडाला धरून ठेवणारे बंध पण सैल पडतात आणि हाड किंचित खाली सरकतं. त्यात व्याल्यावर दूध जेवढं चढतं तेवढं खाणं चढत नाही, गाय अंगावरचं घालवून दूध देते, आणि गाय रोडावते तशी खुरातली ही गादी पण पातळ होते, हे अल्ट्रासाऊंडने मोजून पाहिलेलं आहे. हाड खाली आलेलं, गादी पातळ आणि गाय कडक कोब्यावर तासन् तास उभी, की मधला मांसल थर चेंगरतो आणि त्यात रक्त उतरतं. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढतं, तळवा ५ ते ७ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे आत ज्या दिवशी चेंगरलं त्याचा लाल डाग तळव्याच्या बाहेरच्या बाजूला यायला दीड-दोन महिने किंवा जास्तच लागतात. व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी गाई लंगडायला लागतात त्या याच हिशोबाने.

आता तुमच्या गाईचं. खोड्यात घेऊन तो पाय उचला आणि बाहेरची नखी, म्हणजे खुराच्या दोन भागांपैकी बाहेरचा भाग, पहिली बघा. मोठ्या गाईंच्या लंगडण्यात बहुतेक वेळा दुखणं खुरातच असतं, त्यातही मागच्या पायात, आणि त्यातही बाहेरच्या नखीत. तळवा धुऊन पुसून घ्या, वरचा काळा मळका थर चाकूने अगदी पातळ काढला की टाच आणि तळवा मिळतात तिथे, आतल्या कडेला, लालसर किंवा पिवळट डाग दिसतोय का पाहा. अंगठ्याने किंवा खूर दाबायच्या पक्कडीने दाबल्यावर गाय पाय ओढून घेते का पाहा. तसं असेल तर हा तळव्याचा अल्सर आहे किंवा व्हायच्या वाटेवर आहे. त्याला तीन गोष्टी लागतात. एक, त्या नखीची टाच साळून खाली घ्यायची म्हणजे तिच्यावर भार येणार नाही. दोन, शेजारच्या चांगल्या नखीला लाकडी किंवा रबरी ब्लॉक चिकटवायचा म्हणजे दुखरी नखी जमिनीपासून वर उचललेली राहते. तीन, डॉक्टरांकडून तीन दिवस वेदनाशामक. नुकत्याच लंगडायला लागलेल्या गाईंवर अशी चाचणी झालेली आहे, त्यात ज्यांना ही तिन्ही एकत्र मिळाली त्या गाई सगळ्यात जास्त संख्येने बऱ्या झाल्या. ब्लॉक चार ते सहा आठवडे ठेवतात, मध्ये एकदा बघायचा, आणि मग आठवणीने काढायचा कारण जास्त दिवस राहिला तर चांगल्या नखीचीच वाट लागते.

आणि वाढवलेला खुराक हळूहळू पहिल्यासारखा करा. दूध खाण्याने अडलेलं नव्हतंच, आणि चारा कमी खुराक जास्त असं झालं की पोटातला आम्लपणा वाढतो, ते खुरांना पण वाईट. तिला वैरण-पाणी जवळ मिळेल, मऊ कोरड्यावर बसता येईल एवढं बघा, आत्ता तिच्या दुधासाठी तेच सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे.

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडे सगळ्यात जास्त दूध देणारी गायच थोडी लंगडते. मी म्हणते पाय दाखवून घेऊ, पण घरचे म्हणतात लंगडते तरी बाकीच्यांपेक्षा जास्तच देतेय ना, खोड्यात घालून उगाच दूध तुटायचं. काय करू?

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे, घरच्यांना हे वाचून दाखवा. जास्त दुधाच्या गाईच जास्त लंगडतात कारण व्याल्यावर त्याच सगळ्यात जास्त रोडावतात. ती आत्ता बाकीच्यांपेक्षा जास्त देत असेल, पण पाय चांगला असता तर अजून किती दिलं असतं ते त्या बादलीत दिसत नाही. तिची तुलना शेजारच्या गाईशी करूच नका, तिची तिच्याशीच करा, मागच्या वेतात याच महिन्यात ती किती देत होती ते वहीत बघा. वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, रोज नाही जमलं तर आठवड्यातून एकदा सकाळ-संध्याकाळ मापून तारीख टाकून.

खोड्यात घातल्यावर एखाद-दोन धारांना थोडं कमी येऊ शकतं, ते भरून निघतं. न घातल्यावर काय होतं ते सांगते. पाय दुखतो म्हणून ती गव्हाणीकडे कमी वेळा जाते, गेली की भराभर खाते आणि बाजूला होते, पाण्याला पण टाळाटाळ करते. खाणं कमी म्हणून अजून रोडावते, रोडावली की खुरातली गादी अजून पातळ, पाय अजून दुखतो. शिवाय दुखणारी गाय माज नीट दाखवत नाही, दुसऱ्या गाईवर चढत नाही आणि कोणी चढायला आलं तर उभी राहत नाही, माज हुकतो, गाभण राहायला उशीर होतो, पुढचं वेत लांबतं. एवढं सगळं वाचवायला पाय उचलून बघायचाय, उद्याच बघा.

प्रश्न: लंगडायच्या आधी ओळखायचं कसं? आमच्या तर लक्षात येतं तेव्हा गाय पाय टेकतच नाही.

उत्तर: पायाकडे बघू नका, पाठीकडे बघा. दुधाला जाताना किंवा परत येताना, सपाट जागेवर, बाजूने उभं राहून. चांगल्या गाईची पाठ उभी असताना सरळ आणि चालतानाही सरळ. पहिली खूण म्हणजे उभी असताना पाठ सरळ पण चालायला लागली की वर उचलते, कमान होते. त्यापुढे उभी असताना पण कमान, पावलं आखूड. त्यापुढे एखादा पाय सांभाळून टाकते, हे मग कोणालाही दिसतं. आणि शेवटी पाय टेकतच नाही. जगभर याला १ ते ५ असे गुण देतात, १ म्हणजे ठणठणीत. तुम्ही म्हणताय तो ५ आहे, आपल्याला गाठायचाय तो २ नाहीतर ३.

अजून काही बारीक खुणा आहेत. प्रत्येक पावलाला मान खाली-वर होणं, मागचं पाऊल पुढच्या पावलाच्या जागी न पडता मागेच पडणं, नेहमी पुढे असणारी गाय धारेला शेवटी येणं, उभ्या उभ्या सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देणं, बसलेली असताना उठायला वेळ लावणं. पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या गाई अशा चालवून बघा आणि ज्यांना ३ किंवा जास्त गुण पडतील त्यांचा पाय शक्यतो दोन दिवसांच्या आत उचला. आठवडाभर बघू आपोआप बरं होतंय का, हे नको, कारण दुखणं जुनं झालं की आतल्या हाडावर नवीन हाड वाढतं, काट्यासारखं, ते परत जात नाही आणि मग ती गाय दर वेताला लंगडते. जी एकदा लंगडली ती परत लंगडायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते म्हणून तिचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवा.

प्रश्न: गाय लंगडते म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स केला, मग दुसरा केला, तरी तसंच. इतके दिवस दूध ओतून द्यावं लागलं ते वेगळंच. कोणतं इंजेक्शन जोरदार आहे ते सांगा.

उत्तर: इंजेक्शनचं नाव सांगत नाही कारण बहुतेक तुम्हाला इंजेक्शन लागणारच नव्हतं. पाय उचलून बघितला होता का? प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. लंगडणं हा रोग नाही, दुखण्याची खूण आहे, आणि वेगवेगळ्या दुखण्यांना वेगवेगळा इलाज लागतो.

तळव्याचा अल्सर वर सांगितला. दुसरं पांढऱ्या रेषेचं दुखणं, म्हणजे तळवा आणि बाहेरची भिंत जिथे जुळते त्या सांध्यात खडा-माती शिरते, आत पू धरतो आणि पू कोंडला की गाय अचानक पाय टेकेनाशी होते. तिथे चाकूने वाट मोकळी करून दिली, पू बाहेर आला की गाय तासाभरात सुटल्यासारखी वागते, मग ब्लॉक. या दोन्हीत अँटिबायोटिक सहसा लागत नाही, इंजेक्शनचा भरपूर मारा केला तरी कोंडलेला पू आणि हाडाचा दाब जागच्या जागी राहतो.

तिसरं डिजिटल डर्माटायटिस. १९७४ साली इटलीत पहिल्यांदा याचं वर्णन झालं आणि आता जगात जिथे जिथे गाई कोंडून पाळतात तिथे बहुतेक ठिकाणी आहे. पायाच्या मागच्या बाजूला, दोन टाचांच्या मध्ये वरती, लालभडक दाणेदार चट्टा, कडेला पांढरी किनार, कधी केस उभे राहिलेले, नुसतं पाणी मारलं तरी गाय पाय झटकते. याला वरूनच औषध लावायचं, जागा धुऊन कोरडी करून डॉक्टर सांगतील ते अँटिबायोटिक स्प्रे किंवा पावडर, पट्टी बांधली तर दोन-तीन दिवसांत काढून टाकायची, विसरलेली पट्टी आत कुजते. हा जंतूंचा आजार आहे, एकीकडून दुसरीकडे जातो, चाकूवरून पण जातो.

चौथं म्हणजे पाय कुजणं, फूट रॉट. दोन नख्यांच्या मधली कातडी फाटते, भयंकर घाण वास येतो, खुराच्या वर दोन्ही बाजूंनी सारखी सूज, ताप, आणि दूध एकदम खाली. इथे अंगात जाणारं अँटिबायोटिक लागतंच आणि लवकर दिलं तर तीन-चार दिवसांत चांगला फरक पडतो. नाही पडला तर संसर्ग सांध्यापर्यंत गेलाय का ते लगेच बघायला हवं.

म्हणून तिसरा कोर्स करू नका, डॉक्टरांना बोलवा आणि पाय उचलून, साळून, प्रत्यक्ष बघून सांगा असं स्पष्ट म्हणा. आणि एक अगदी वेगळी गोष्ट, एकाच वेळी तीन-चार जनावरं लंगडायला लागली आणि तोंडातून लाळ गळतेय, जिभेवर फोड आहेत असं दिसलं तर ते लाळ्या-खुरकूत असू शकतं. तेव्हा खुरं साळत बसायचं नाही, जनावरं वेगळी करायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

प्रश्न: मोरचूदाच्या पाण्यातून गाई चालवायच्या असं ऐकलंय. प्रमाण काय, किती दिवस, आणि त्याने लंगडणं जाईल का?

उत्तर: शेवटच्या भागाचं उत्तर आधी, आत्ता लंगडणाऱ्या गाईचं लंगडणं त्याने जात नाही. अल्सर आणि पांढऱ्या रेषेच्या दुखण्यावर फूट बाथचा, म्हणजे असं औषधाच्या पाण्यातून चालवण्याचा, काही उपयोग नाही. उपयोग आहे तो डर्माटायटिस आणि पाय कुजणं पसरू नये म्हणून, ते पण पाय त्यातल्या त्यात स्वच्छ असतील तर.

प्रमाण ५ टक्के, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार). हौद असा हवा की मागचं प्रत्येक पाऊल त्यात निदान दोनदा बुडेल, म्हणून लांबी तीन ते साडेतीन मीटर, रुंदी अर्धा मीटर, पाण्याची खोली १० सेंटिमीटरच्या खाली नको. ३ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल म्हटलं तर १५० लिटर पाणी होतं, त्याला साडेसात किलो मोरचूद. अंदाजाने मुठीमुठीने टाकू नका, तोलून टाका. धातूचं भांडं चालणार नाही, मोरचूद ते खाऊन टाकतं आणि पाण्याची ताकद पण जाते, सिमेंटचा किंवा प्लास्टिकचा हौद घ्या. शेण मिसळलं की औषध मरतं, त्यामुळे पाणी चिखलासारखं दिसायला लागलं की बदलायचं, मग कितीही गाई राहिल्या असोत. आठवड्यातून किती दिवस ते पाय किती घाण होतात त्यावर आहे, सुरुवातीला आठवड्यात तीन दिवस करून बघा. जनावरं तहानलेली असताना त्यातून नेऊ नका, तोंड घालतील. मेंढ्यांना तर तांबं फारच पटकन बाधतं, त्यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

वापरलेलं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ टाकायचं नाही आणि दर वेळी एकाच तुकड्यात पण नाही, तांबं मातीत साठत जातं. काही जण फॉर्मलीन (पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड) वापरतात, ५ टक्क्यांच्या वर कधीच नको, उघड्या जखमेवर तर नकोच, आग होते. त्याची वाफ माणसाला पण घातक आहे, फॉर्मल्डिहाइडने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, बंद गोठ्यात तर वापरूच नका असं माझं स्पष्ट मत.

चार-पाच गाई असतील तर हौदाच्या भानगडीत पडायची गरज नाही. धारेच्या वेळी मागचे पाय पाण्याने धुवा, निथळू द्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध हातपंपाने टाचांच्या मागे मारा, काम चांगलं होतं आणि औषध पण कमी लागतं.

प्रश्न: बायोटिन पावडर दिल्याने खुरं मजबूत होतात का?

उत्तर: होतात, पण वेळ लागतो. बायोटिन हे एक जीवनसत्त्व आहे. दिवसाला २० मिलिग्रॅम एका गाईला, आणि फरक दिसायला चार ते सहा महिने, कारण नवीन खूर वाढून खाली यायला तेवढा वेळ लागतोच. जस्त कमी पडत असेल तर ते पण बघा. आज लंगडणाऱ्या गाईला हे औषध म्हणून देऊ नका, आणि ओल्या शेणात उभ्या असलेल्या गाईला बायोटिन म्हणजे खर्च.

प्रश्न: ग्राइंडर घेतलाय, खुरं स्वतःच साळायची आहेत. व्हिडिओ बघून जमेल का? आणि गाभण गाईची साळणी चालते का?

उत्तर: जमेल, पण आधी एखाद्या जाणकाराबरोबर उभं राहून हाताने शिका, आणि पहिली काही खुरं ग्राइंडरने नाही तर चाकूने करा. ग्राइंडर क्षणात नको तेवढं काढतो आणि एका जागी धरला तर खूर तापतं. न साळलेल्या खुरापेक्षा जास्त साळलेलं खूर वाईट, कारण वाढलेलं खूर पुढच्या महिन्यातही कापता येतं, कापलेला तळवा परत लावता येत नाही.

मागच्या पायात सुरुवात आतल्या नखीपासून करा. वर केस संपून टणक भाग सुरू होतो तिथून पुढच्या टोकापर्यंत मापा, साडेसात सेंटिमीटर हे जुनं प्रमाण, पण मोठ्या अंगाच्या गाईला ते आखूड पडतं, तिला आठ-नऊ ठेवा. आतल्या नखीची टाच शक्यतो तशीच ठेवायची. मग बाहेरची नखी आतलीच्या बरोबरीने आणायची, दोन्ही तळवे एका पातळीत आले पाहिजेत, चाकूचा दांडा आडवा ठेवून बघा. त्यानंतर दोन्ही नख्यांच्या मध्ये, जिथे अल्सर होतो त्या जागी थोडा खोलगटपणा द्यायचा म्हणजे तिथे दाब येत नाही आणि शेण अडकत नाही. टोकाकडचा आणि बाहेरच्या भिंतीचा भाग खोलगट करायचा नाही, गाय त्यावर उभी राहते. सारखं अंगठ्याने दाबत राहा, तळवा दाबला जायला लागला की तिथेच थांबा, गुलाबी झाक दिसली तर तुम्ही जास्तच आत गेलात. एका गाईकडून दुसरीकडे जाताना चाकू धुऊन जंतुनाशकात बुडवा, डर्माटायटिस असाच फिरतो.

वर्षातून दोनदा बघा. एकदा आटवताना, म्हणजे भाकड काळाच्या सुरुवातीला, आणि एकदा व्याल्यावर दोन-तीन महिन्यांनी. गाभण म्हणून घाबरायचं कारण नाही, आटवताना ती गाभणच असते. शेवटच्या काही आठवड्यांत मात्र नेहमीची साळणी नको, आणि गाभण गाईला दोरीने आडवी पाडून तर अजिबात नको. त्या काळात लंगडलीच तर तेवढाच पाय उभ्या उभ्या, खोड्यात, शांतपणे, डॉक्टर हजर असताना.

प्रश्न: आमच्या गाई चोवीस तास दावणीला, खाली कोबा. गोठा रोज धुतो, एकदम चकाचक असतो, तरी पाय का जातात?

उत्तर: चकाचक असेल पण कडक आहे, आणि रोज धुतल्यावर ओलाही राहत असेल. गाय दिवसाला १२ तासांच्या आसपास बसली पाहिजे. बसलेली असताना खुरांना विश्रांती मिळते, रवंथ निवांत होतो आणि कासेकडे रक्त जास्त जातं. एक लिटर दुधासाठी ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून फिरावं लागतं हे लक्षात घेतलं की गाईच्या बसण्याची किंमत कळते. कोब्यावर ती बसायला टाळते, उभी राहते, उभ्या गाईच्या खुरात काय होतं ते पहिल्या उत्तरात आलंय.

स्वतः करून बघायची एक गोष्ट सांगते. गाय बसते त्या जागी जा आणि उभ्या उभ्या दोन्ही गुडघ्यांवर धपकन बसा. बसायच्या आधीच भीती वाटली तर गाईला पण वाटते, ती बसताना पुढच्या गुडघ्यांवरच आधी खाली येते. बसलात तर काही वेळ तसेच थांबा आणि उठून पँट बघा, गुडघे ओले झाले असतील तर खुरं पण ओली राहताहेत. ओलं खूर मऊ पडतं, मऊ खूर झिजतं, आणि खडा सहज शिरतो.

रबर मॅट टाका आणि मॅटवर कोरडा भुसा किंवा वाळलेलं काहीतरी पसरा, नुसती मॅट पुरत नाही. नवीन कोबा करणार असाल तर तो खरखरीत असतो, पहिल्या दिवसांत तळवे भराभर झिजवतो, वापरायच्या आधी घासून घ्या. जुना गुळगुळीत झाला असेल तर साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल खाचा पाडून घ्या, घसरणारी गाय पाय ताणते. बांधून ठेवलेल्या गाईची खुरं झिजत नाहीत, टोकं लांब वाढतात, भार मागे टाचेवर जातो, म्हणून तुमच्याकडे साळणी चुकवून चालणारच नाही. आणि जमेल तेवढा वेळ रोज कोरड्या मातीवर मोकळ्या सोडा. सोडताना मागून काठी घेऊन रेटू नका, तिच्या चालीने जाऊ द्या. मोकळी चालणारी गाय मान खाली घालून बघून पाय टाकते, रेटली की मान वर करते आणि मग दगडावर, खड्ड्यात जिथे पडेल तिथे पाऊल पडतं. वळणावर घाई केली तर खूर जागच्या जागी पिळलं जातं, पांढरी रेष तिथूनच उकलते.

प्रश्न: आमच्या गाईची बाहेरची नखी वरून खूप सुजली आहे, दीड महिना झाला, बरेच उपाय झाले. डॉक्टर म्हणतात ती नखी काढावी लागेल. एका नखीवर गाय उभी कशी राहणार? आणि दूध परत येईल का? की विकावी?

उत्तर: फक्त एकाच नखीच्या वरती सूज, आणि इतके दिवस, म्हणजे संसर्ग बहुतेक खुरातल्या सांध्यात उतरलाय. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पाय बधिर करून नखी काढतात, आणि शेजारची नखी निरोगी असेल तर गाय त्या एकीवर चालते, ऐकून वाटतं तेवढं ते भयंकर नसतं. दुखणारा, पू भरलेला सांधा गेला की बऱ्याच गाई थोड्या दिवसांत खायला लागतात. दुसरा मार्ग म्हणजे सांधा धुऊन काढून तो आखडून जाईपर्यंत वाट बघणं, नखी राहते पण त्याला महिने लागतात आणि तेवढे दिवस ती दुखणं काढते.

दुधाबद्दल खरं सांगायचं तर या वेतात आधीच्या पातळीवर येईल असं धरून चालू नका. चढायचे दिवस दुखण्यात गेले की शिखर हुकतं, मग उरलेलं वेत खालच्या पातळीवरच जातं. काही लिटर सुधारणा होईल, वजन भरेल, पुढच्या वेताला ती चांगली उभी राहू शकते, पण भार एकाच नखीवर असल्यामुळे तिला कायम मऊ जमिनीवर ठेवावं लागेल आणि ती नखी वरचेवर बघावी लागेल. खूप जड अंगाची असेल, दुसरी नखी पण खराब असेल किंवा दोन्ही मागचे पाय धरलेले असतील तर मात्र नखी काढण्यात अर्थ नाही, तेव्हा डॉक्टरांशी बसून स्पष्ट बोला. विकायचा विचार असेल तर एवढं बघा की पाय न टेकणाऱ्या गाईला गाडीत चढवून लांबचा प्रवास घडवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

नखी काढायची ठरली तर लवकर काढा, ती रोज रोडावतेय. त्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: पट्टी किती दिवसांनी आणि कोण बदलणार, वेदनाशामक किती दिवस, आणि औषधांमुळे दूध किती दिवस बाजूला ठेवायचं. आणि ती परत येईल त्या जागेवर आजच जाड अंथरूण करून ठेवा, पाणी मान वळवली की मिळेल असं.